पितळेची पाचर आणि कपभर चहा

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. मी स्वतः तिथे नसतो तर माझाही बसला नसता. पण एकदा मी एका गाडीची पुढची चाकं इतकी सरळ लावली, की समोरच्या काचेखालच्या फळीवर चहाने भरलेला कप ठेवून ती गाडी दवाखान्याच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, वळली, परत आली, आणि आपण कुठे जाऊन आलो हे चहाला कळलंसुद्धा नाही. वरच्या सायीला सुरकुती पडली नाही.

"गेल्या वेळी सांगितलंत तेव्हा साय नव्हती, बाबा," गाडीखालून आवाज आला.

गाडीखाली माझी लेक होती. गॅरेज आता तिचं. मी दाराशी खुर्ची टाकून बसतो आणि सल्ले देतो. ती ते मान डोलावून ऐकते आणि मग स्वतःला हवं तेच करते.

"साय होती," मी म्हटलं. "तेव्हाच्या दुधाला साय यायची."

"बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, बाबा. पणजोबांच्या काळातली असल्यासारखी काय सांगताय?"

बाकावर बसलेल्या ताई गालातल्या गालात हसल्या. या डॉक्टरांच्या कन्या. जमिनी मोजायचं काम करतात, म्हणून आम्ही त्यांना मोजणीताई म्हणतो, पण ते माघारी. तोंडावर नुसतं ताई. तिवईवर दुर्बीण चढवायची, एक डोळा मिटायचा आणि दोन शेजाऱ्यांच्या कुंपणाचा निकाल लावायचा, हे त्यांचं रोजचं काम. एकदा माझ्या शटरसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मिस्त्रीकाका, तुमची पाटी डावीकडे अर्धं बोट उतरली आहे." त्या गेल्यावर मी ओळंबा लावून पाहिलं. अर्ध्या बोटाला केसभर कमी भरली. तेवढीच माझी अब्रू वाचली.

गाडी त्यांच्या वडिलांची. लोण्याच्या रंगाची, दोन गोल दिव्यांची, माझ्या लग्नाच्याही आधीची. हॉर्न दाबला की बदक चिडल्यासारखं वाटतं. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सकाळच्या चहाच्या वेळी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "गुडघा आता क्लचचं ऐकत नाही. तू चालव." कोणी मागितली नव्हती, कोणी भांडलं नव्हतं. वय शहाऐंशी. आपणहून दिली.

"आणि मी बसले की उजवीकडे पळते," ताई सांगत होत्या. "अण्णा चालवायचे तेव्हा सुतासारखी जायची. मी हात जरा सैल सोडला की निघाली समोरून येणाऱ्याच्या अंगावर. दोन ठिकाणी दाखवली. दोघंही म्हणाले, काही दोष नाही, जुनी आहे. गाडीलासुद्धा मी पसंत नाही की काय, काका?"

"जुनी माणसं आणि जुन्या गाड्या, ताई. हात बदलला की रुसतात."

"हो का? मग समजूत काढणार आहात की यंत्र लावणार आहात?"

चाकं सरळ आहेत का ते मोजणारं यंत्र लेकीनं लावलेलंच होतं. चारही चाकांना चार चकत्या, समोरच्या खांबांवर दोन डोळे, बाजूला पडदा, पडद्यावर हिरवे-तांबडे आकडे. आमच्या वेळी याच कामाला दोरी, खडू, टेप आणि गुडघ्यांत जोर लागायचा.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. त्या गाडीच्या पुढच्या डाव्या पाट्याखाली, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगखाली, एक वस्तू होती. ती बारा वर्षांपूर्वी मी माझ्या हातानं तिथे ठेवली होती, आणि ती या दोघींपैकी कोणालाही दिसू नये अशी माझी फार इच्छा होती. लेकीला दिसली तर माझा हात वाकडा ठरणार, आणि ताईंना दिसली तर त्याहून वाईट. म्हणून मी गोष्ट काढली. बाकावरची ती ऐकण्यात रमेल, गाडीखालची तिच्यातल्या चुका काढण्यात रमेल, आणि पाट्याकडे कोणाचं लक्ष जाणार नाही, असा माझा साधा हिशेब.

"तर ताई, तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगतो."

"सांगा. मी कशी होते ते कळेल तरी."

"कडक होतात."

बारा वर्षांपूर्वी डॉक्टर चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. दवाखाना त्यांनी पुढच्या डॉक्टरांकडे सोपवला होता, राहायला मात्र वरच्या मजल्यावरच होते. सकाळी गाडी काढायची आणि आपले जुने पेशंट घरी जाऊन बघायचे, हे काही सुटलं नव्हतं. रोज बारा-तेरा घरं. कोणाचा दाब, कोणाचा दमा, कोणाची नुसती विचारपूस. ती बारा घरं होती म्हणून ते सकाळी दाढी करायचे. गाडी गेली असती तर दाढी गेली असती, मग टाय गेला असता, आणि मग एके दिवशी लोक म्हणाले असते, डॉक्टर अलीकडे दिसत नाहीत.

आणि नेमकी तेव्हाच गाडी डावीकडे जायला लागली. चालता चालता हळूच सरकायची, मग डॉक्टर दचकून तिला हिसका देऊन परत आणायचे. सरकली, हिसका. सरकली, हिसका. आधी टपालपेटी गेली. मग दूधवाल्याची कॅन ठेवायची पायरी. मग तीन फाटकांचे खांब...

"दोन," गाडीखालून.

"तिसरे लोक सभ्य होते, त्यांनी बोभाटा केला नाही."

शेवटी डॉक्टरांनी स्वतःच्याच फाटकाला धडक दिली. खांबावर त्यांच्या नावाची पितळेची जाडजूड पाटी होती, ती मधोमध दुमडली. ताई खिडकीतून बघत होत्या. त्या खाली आल्या, पाटीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"अण्णा, किल्ली."

"गाडी डावीकडे ओढते, त्यात माझा काय दोष? मिस्त्रीला विचार."

झालं. आलं माझ्या डोक्यावर. मला बोलावणं आलं, मी गेलो, आणि त्या फाटकाशीच ताईंनी अट घातली. शब्दन् शब्द माझ्या लक्षात आहे.

"रविवारी सकाळी दहा वाजता," त्या म्हणाल्या. "इथून टाकीपर्यंत आणि परत. अण्णा चालवतील, मी शेजारी बसेन. समोरच्या फळीवर कोरा पांढरा कागद, त्यावर चहाने भरलेला कप. गाडी सरकली की हिसका बसणार, हिसका बसला की चहा सांडणार. कागदावर एक थेंब दिसला तर किल्ली माझी. नाही दिसला, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही."

"असंच म्हणाले होते मी?" ताईंनी विचारलं.

"याहून कडक म्हणाला होतात. मी जरा मऊ करून सांगतोय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. असं मी त्यांच्याकडे पुष्कळदा पाहिलं होतं, घरात कोणी आजारी असलं म्हणजे. म्हणाले, "मिस्त्री, चार दिवस आहेत."

मी गाडी गॅरेजमध्ये आणली आणि कामाला लागलो. पहिल्यांदा डिकी रिकामी केली. तिच्यातून निघाल्या सतरा छत्र्या. पेशंट विसरायचे, डॉक्टर परत द्यायला घ्यायचे आणि द्यायचे विसरायचे. मग चारी चाकांत हवा सारखी केली. मग चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवायच्या होत्या, कारण माणूस बसला की गाडी एका अंगाला झुकते आणि मापं बदलतात. डॉक्टरांना वजन विचारलं. ज्या माणसानं चाळीस वर्षं लोकांना काट्यावर उभं करून घाम फोडला, तो म्हणाला, "साधारण."

"साधारण म्हणजे किती?"

"मिस्त्री, तू दोन पिशव्या ठेव आणि गप्प बस."

मी तीन ठेवल्या. स्प्रिंगनं होकार दिला.

मग दोरी. गाडीच्या दोन्ही अंगांनी चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोरी ताणायची आणि चाकं तिच्याशी ताडून बघायची. त्या दिवशी मी दोरी अशी ताणली, की एक मुंगी मागच्या टोकाला चढली आणि पुढच्या टोकाला उतरली ती डोळे मिटून.

"मुंगीचे डोळे मिटत नाहीत, काका," ताई म्हणाल्या.

"त्या दिवशी मिटले होते. रस्त्याची खात्री असली की कोणीही मिटतं."

मग खरं माप. पुढच्या दोन्ही टायरांवर पुढच्या बाजूला, आसाच्या उंचीला, खडूची खूण करायची. दोन खुणांतलं अंतर मोजायचं. मग गाडी ढकलून त्याच खुणा फिरवून मागच्या बाजूला आणायच्या आणि पुन्हा मोजायचं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी हवं, म्हणजे चालायला लागल्यावर चाकं एकमेकांना समांतर होतात. जास्त-कमी असलं तर दोन्ही चाकांना जोडणारा आडवा टाय रॉड पिळून ते जुळवायचं. मी मोजलं. एक सूत. बरोबर. पुन्हा मोजलं. एक सूत. चष्मा पुसून मोजलं. चष्मा काढून मोजलं. एक सूत!

"म्हणजे गाडी सरळच होती?" ताईंनी विचारलं.

इथे मी जरा अडखळलो. गोष्टीत इतक्या पुढे मला जायचं नव्हतं. तोंडाला सवय आहे, ते गेलं.

"सरळ म्हणजे... दिसायला सरळ," मी म्हणालो. "पण माझा हात! मी त्या टाय रॉडला असा काही पीळ दिला, असा नाजूक, की..."

"बाबा," लेक म्हणाली.

"काय?"

"टाय रॉडला पीळ नकोच आहे. यंत्रही एक सूतच दाखवतंय. पण कॅस्टर सारखा नाही."

"कॅस्टर म्हणजे?" ताईंनी मला विचारलं, उत्तर मात्र खालून आलं.

"सायकलचं पुढचं चाक ज्या दांड्यात असतं तो जरा तिरका असतो ना, ताई? तसा गाडीतही असतो. तो तिरकेपणा आहे म्हणून चाक आपोआप सरळ राहतं. दोन्हीकडे सारखा हवा. या गाडीत डावीकडे जास्त आहे. आणि असा असला की गाडी कमी असलेल्या बाजूला ओढते. म्हणजे उजवीकडे."

"यंत्र नवं आहे," मी म्हणालो. "अजून सवय झाली नसेल त्याला."

"यंत्राला कसली सवय, बाबा?"

"अगं, जुन्या गाडीचे पाटे बसतात. डावीकडचे जरा जास्त बसले असतील. ताई, चहा घेणार का? समोरून मागवतो. दोन मिनिटांत..."

"बॅटरी मारून बघू," लेक स्वतःशीच म्हणाली, आणि गाडीखाली उजेड पडला. मी छताकडे बघायला लागलो. छताला पाहण्यासारखं काही नाही.

"बाबा."

"हं."

"इथे पितळ आहे."

"कुठे?"

"कुठे ते तुम्हाला माहीत आहे. डावा पाटा आणि आस यांच्या मधे. पाचर आहे. कंपनीची नाही, कानशीनं घासून केलेली आहे. आणि इतकी सुबक घासलेली आहे, की ती कोणाची ते मला विचारायचीही गरज नाही."

तिनं जॅक लावला, चार नट सैल केले. मी एरवी तिला सांगतो, घाई करू नकोस. त्या दिवशीही सांगितलं. तिनं नेहमीसारखं ऐकून घेतलं. पाच-सात मिनिटांत ती चाकांच्या फळीवरून सरकत बाहेर आली, उठून बसली आणि हात पुढे केला. तळव्यावर बोटभर लांब, एका टोकाला नखाएवढा पातळ आणि दुसऱ्या टोकाला नाण्याएवढा जाड असा पितळेचा तुकडा.

ताईंनी तो उचलला. रुमालानं पुसला. उलटा केला. त्याच्या पाठीवर कोरलेलं अक्षर होतं, काळं पडलेलं, पण वाचता येण्यासारखं. 'डॉ'.

"ही अण्णांची पाटी," त्या म्हणाल्या. "फाटकावरची. दुमडलेली."

"हो."

"तुम्ही नवी करून दिलीत, आणि जुनी भंगारात दिली म्हणालात."

"थोडी दिली," मी म्हणालो. "थोडी राहिली."

लेकीनं पाना खाली ठेवला. ती माझ्याकडे बघत होती, आणि ताई पाचरीकडे.

"मिस्त्रीकाका," ताई म्हणाल्या, "आता मुंग्या नकोत. काय झालं ते सांगा."

मग सांगितलं. दुसरं काय करणार?

गाडी सरळ होती. मी एकटा टाकीपर्यंत घेऊन गेलो, वाटेत हात सोडून चष्मा पुसला, तरी ती आपली रेषेत. मग डॉक्टरांना म्हणालो, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. आणि फाटकातून बाहेर पडलो नाही तोच सरकायला लागली. डावीकडे. मी चाकाकडे बघत होतो, मग सहज डॉक्टरांकडे पाहिलं, आणि सगळं उघड झालं. डॉक्टर रस्त्याकडे बघतच नव्हते.

"मग कुठे बघत होते?"

"घरांकडे. डावीकडच्या. एकेका खिडकीकडे. आणि बोलत होते, स्वतःशीच. 'हिची खिडकी उघडली, म्हणजे रात्र बरी गेली. याच्या पायरीवर चपला नाहीत, म्हणजे फिरायला गेला, शाबास. इथे अजून दिवा चालू का? खोकला वाढला वाटतं.' चाळीस वर्षं याच रस्त्यानं गेलेला माणूस. डोळे जिकडे वळायचे तिकडे हात जायचे आणि हातांमागे गाडी. मधेच लक्षात आलं की हिसका. मग पुढची खिडकी."

ताईंनी हातातली पाचर उलटीपालटी केली.

"गाडीत दोष नव्हता, ताई. डॉक्टरच डावे होते."

"मग त्यांना सांगायचं ना! समोर बघा म्हणून!"

"सांगणार होतो. तोंड उघडलं होतं." मी लेकीकडे पाहिलं. "तुझी आजी आठवते? छातीत धडधडतं म्हणायची, रात्रभर बसून राहायची."

"आठवते. डॉक्टरांच्या पिवळ्या गोळ्या. त्या घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडायची नाही."

"नऊ वर्षं घेतल्या तिनं. त्या गोळ्यांवर ठणठणीत राहिली, बाजारात जाऊन भाजीवाल्यांशी भांडली. ती गेल्यावर मी उरलेली बाटली परत द्यायला गेलो, म्हटलं कोणाच्या तरी उपयोगी पडतील. डॉक्टरांनी झाकण उघडलं, एक गोळी स्वतःच्या तोंडात टाकली, एक मला दिली. साखर होती, ताई. नुसती साखर. मी म्हटलं, डॉक्टर! तर म्हणाले, 'हृदय चांगलं होतं रे तिचं. भीती होती. भीती काढायला गेलो असतो तर वाद घालत बसली असती. मग भीतीच्या मापाची गोळी दिली.'"

लेकीनं तोंडावर हात ठेवला. हे तिलाही नवीन होतं.

"तर मी तोंड मिटलं," मी म्हणालो. "म्हटलं, या माणसाला 'खिडक्यांकडे बघू नका' म्हणून सांगायचं, म्हणजे मग हा गाडी काढणार तरी कशाला? त्यापेक्षा जेवढे डॉक्टर डावीकडे, तेवढीच गाडी उजवीकडे लावू. माप घ्यायला तीन दिवस त्यांच्याशेजारी बसून फिरलो. पाचर घासायची, बसवायची, फिरून बघायचं, काढायची, पुन्हा घासायची. अकरा वेळा. अकराव्या वेळी दोघांची फिट्टंफाट झाली. लोक गाडी रस्त्याला लावतात. मी ती माणसाला लावली."

"म्हणून मी बसले की उजवीकडे जाते."

"तुम्ही समोर बघता, ताई. तुमच्यात दोष तेवढाच."

मला वाटलं, आता चिडतील. चिडायला हक्क होता. ज्या बाईला भिंतीतला केसाएवढा बाक दिसतो, तिला बारा वर्षं एक वाकडी गाडी सरळ म्हणून विकली होती मी. त्यांनी पाचर डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला, कडेवरून नजर फिरवली.

"घासली मात्र सरळ आहे," त्या म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला.

"परत बसवू की काढून ठेवू, ताई?" लेकीनं विचारलं.

"काढून ठेव. मला समोर बघायची सवय आहे." पाचर त्यांनी रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. मग बाकावर नीट टेकून बसल्या, हाताची घडी घातली. "हं, काका. आता रविवारचं सांगा. चहाचं राहिलं ना."

आता मला सांगा, एवढं प्रेमानं कोणी विचारल्यावर कोणता माणूस गप्प बसेल? मी खुर्ची पुढे ओढली. लेक पुन्हा गाडीखाली गेली, पण तिचे नट फिरत नव्हते, हे मला ऐकू येत होतं.

रविवारी सकाळी दहाला पाच कमी असताना मी फाटकाशी उभा. डॉक्टर गाडीत बसलेले, गुळगुळीत दाढी, निळा टाय. ताई घरातून कप घेऊन आल्या. धूळ पडू नये म्हणून कपावर बशी पालथी झाकलेली. समोरच्या फळीवर कागद पसरला, त्यावर कप ठेवला, शेजारी बसल्या, दार लावलं. डॉक्टरांनी गिअर टाकला. मी डोळे मिटले.

"मुंगीसारखे?" खालून.

"मुंगीसारखे. पण मला रस्त्याची खात्री नव्हती."

आणि गाडी निघाली. काय निघाली! लाटण्याखालून पोळी सरकावी तशी. डॉक्टर एकेक खिडकी बघतायत, बघायचं काही सोडलं नाही त्यांनी, आणि गाडी आपली रस्त्याच्या मधोमध, शिंप्यानं मारलेल्या टिपेसारखी. टाकीशी वळण घेताना तिथल्या कुत्र्यानं झोपेत कूस बदलली, पण उठलं नाही. वीस मिनिटांत परत फाटकाशी. खांबाला चार बोटं राखून उभी केली. ताईंनी कागद उचलून उन्हात धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला. कोरा! अगदी कोरा. घडी करून वडिलांच्या खिशात ठेवला आणि म्हणाल्या, "किल्ली तुमची, अण्णा." पुन्हा म्हणून तो विषय काढला नाही. आणि डॉक्टर उतरले, माझ्याजवळ आले, हळूच कानाशी म्हणाले, "मिस्त्री, कोणती गोळी दिलीस रे?"

"असं म्हणाले अण्णा?"

"देवाशपथ."

"आणि चहा?" ताईंनी विचारलं. अगदी साधा चेहरा. "तो किती उरला होता? तुम्ही स्वतः पाहिलात?"

"पाहिला?" मी म्हणालो. माझ्या अंगात वारं शिरलं होतं. "अहो, तुम्ही बापलेक वर गेलात, कप तिथेच फळीवर. मी बशी उचलली. काठोकाठ! जसा भरला तसा. वर साय, अखंड. मी म्हटलं, बारा घरांचं दैवत वाचवणारा चहा हा, फेकायचा कसा? उभ्या उभ्या पिऊन टाकला."

"थंड झाला असेल."

"कोमट होता. पण चव! आलं होतं, वेलची होती."

"साखर?"

"दीड चमचा. बरोबर दीड. माझी जीभ सुताला सूत सांगते."

ताई बाकावरून उठल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदाच पुरतं, दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं.

"खोटं, मिस्त्रीकाका! साफ खोटं! त्या कपात चहा नव्हताच. खाली यायच्या आधी जिन्यात उभं राहून मीच तो सगळा पिऊन टाकला होता."